गरम मोटरीवरचा ओला फडका

हे कुणी वाचलंच तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका, मी चौथीपर्यंतच शिकले.

आज मिक्सर जळल्याचा वास आला आणि लिंबायतच्या आमच्या जुन्या वस्तीतली ती दुपार आठवली. यांचा कारखाना बंद होता. शेजारच्या सुमनमावशीकडून पैसे उसने घेऊन मी लेस गुंडाळायची छोटी गिअर मोटर आणली होती. घर तिच्यावरच चालायचं. त्या दुपारी ती नुसती गुणगुणू लागली, फिरेना. हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मला काही सुचेना. तापाच्या लेकराला ठेवतात तसा मी तिच्यावर ओला फडका धरला आणि रडू लागले.

मावशी धावत आली.

"मोटर मेली, मावशी. तुमचे पैसे बुडाले."

"पैसा मरू दे, पहिले बटन बंद कर! तिले ताप नही उना व माय, दोरा अडकेल शे!"

दांड्याभोवतीचा दोऱ्यांचा गुंता तिने चिमट्याने ओढून काढला, मोटर कोरडी होऊ दिली, मगच बटन लावलं. मोटर फिरली.

तेव्हा मला मोटरीचीच भीती होती. चालू करंटवर ओला फडका धरून मीच मेले असते, हे आता कळतं. त्याच मोटरीवर लेस गुंडाळून मी मावशीचे सगळे पैसे फेडले.