मारेगावात मे महिन्यात चोवीस अंश

आमच्या कॉलेजच्या संगणक-खोलीत कूलर एकच आहे आणि तो माझ्या टेबलाजवळ आहे. हे आधीच सांगतो, कारण माझ्या चुकीत त्याचाही वाटा होता.

इंटरनेटवरची पानं बदलतात, पुसली जातात. काही ठिकाणी त्यांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात, आणि प्रत कधी घेतली ती तारीख वरच्या पट्टीवर दिसते. अशा पानावर किती विश्वास ठेवायचा, हे विद्यार्थ्यांना कळतं का, ते पाहायला मी परीक्षा घेतली. मारेगावकडच्या कापूसवाल्यांसाठी कुणीतरी चालवलेल्या, आता बंद पडलेल्या संकेतस्थळाचं एक पान दिलं. पट्टीवर मे महिन्याची तारीख, खाली सल्ला: पेरणीची घाई करू नका. प्रश्न असा, की हे पूर्ण पान त्या दिवसाचं मानाल का? माझ्या लेखी उत्तर होतं, हो. तारीख तर समोरच होती.

जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं. राजूरहून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, ‘पूर्ण नाही.’ पुढचं मी वाचलंच नाही, लाल रेघ ओढली. या एका प्रश्नावर ती नापास होते, हे मला ठाऊक होतं. तरीही ओढली.

पेपर वाटले तशी ती टेबलाशी आली.

“सर, माह्ये मार्क काहून कापले?”

“वरची तारीख दिसली नाही तुला?”

“दिसली ना. तुमाले कोपऱ्यातला डबा दिसला का?”

डबा म्हणजे पानाच्या कोपऱ्यातली हवामानाची चौकट. मारेगाव, दुपारचं तापमान चोवीस अंश, दिवसभर पाऊस.

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मारेगाव चिखलदऱ्याले नेलं का कोणी?”

वर्ग खो खो हसला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी गाडीच्या सीटला हात लावता येत नाही. आणि मी कूलरच्या वाऱ्यात बसून हे पान निवडलं, त्यावरून पेपर तपासले, तरी ते चोवीस मला खटकले नव्हते.

आता तिचं उत्तर वाचलं. पानाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी साठवलेले असावेत, मजकूर मे महिन्यातला असू शकतो, डबा वाटत नाही, दुसऱ्या प्रती पाहिल्याशिवाय सगळ्या पानाला एक तारीख लावता येणार नाही. मी शिकवलं त्याच्या पुढचं होतं हे. लाजेनं मी घाईघाईत पेन उचललं.

“तुझं बरोबर आहे. पूर्ण मार्क देतो.”

तिनं पेपरवर हात ठेवला. “थांबा ना सर. तवा तारीख पाहून मानलं, आता माह्यं आयकून मानून राह्यले. तपासा आधी. त्या दिवशी अवकाळी आला असन तं?”

“अवं, देऊन राह्यले तं घे ना, येडी!” तिची मैत्रीण ओरडली.

अवकाळी निघाला असता तर ती नापासच राहिली असती. तरी ती हात काढेना. इतक्या वर्षांत असा हात मी पाहिला नव्हता.

मग सगळ्यांसमोर तपासलं. डबा वेगळ्या पत्त्यावरून येत होता. त्याची साठवलेली प्रत ऑगस्टमधली निघाली. त्याच मे महिन्यातली पानाची आणखी एक प्रत सापडली. तिच्यात मजकूर तोच होता, डब्याची जागा रिकामी. मुलीचं उत्तर नेमकं बरोबर होतं.

मी वर्गाला सांगितलं की माझं उत्तर चुकलं, आता बाकीच्यांचे मार्क पुन्हा पाहावे लागतील.

“त्यायचे कापू नका सर,” ती म्हणाली. “त्यायनं तुमी शिकवलं तेच लिहिलं.”

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. कुणाचेच कापले नाहीत. लाल रेघेशेजारी तिचे मार्क लिहिले आणि दुरुस्तीची सही केली. तिनं पेपर घेतला, बाकावर जाऊन बसली, आणि मी केलेली बेरीज पुन्हा करून पाहू लागली.