चांगल्या डोळ्यावरची पट्टी

मुलीच्या वरच्या पापणीवर लाल ठिपका उठला तेव्हा ती पंधरा दिवसांची होती आणि मी सतरा वर्षांची. अक्कल दोघींची सारखीच. चौथ्या महिन्यात त्या ठिपक्याची करवंदाएवढी गाठ झाली, पापणी लोंबली, अर्धं बुबुळ झाकलं. मी काय केलं? काजळ फासलं. लोकांना दिसू नये म्हणून रोज सकाळी गाठीवर एवढं जाड काजळ, की बघणाऱ्याला वाटावं, पोरीला तीट लावता लावता आईला डुलकी लागली.

सासूबाईंचं निदान तयार होतं. "पोटुशी आसून गिराणात कारलं चिरलंस न्हवं? भोग आता." इलाजही ठरला होता. अवसेला शेजारच्या गावचा माणूस येऊन तापल्या सळईनं गाठीवर डाग देणार.

नवरा पलटणीत, लढाईवर. त्या घरात मी तोवर "व्हय"शिवाय बोललेच नव्हते. "डोळ्यावर सळई न्हाई," असं मी म्हणाले, तर आवाज इतका बारीक की सासूबाईंनी विचारलं, "काय पुटपुटलीस?" मग मी घाबरून अशी ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सासरे आम्हाला मोटारीनं सांगलीला घेऊन गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ओल्या कापसानं काजळ पुसलं.

"पोर दाखवायला आणलीस की काजळ?"

मी ग्रहण, कारलं, सगळं कबूल करून टाकलं.

"मग डाग कारल्याला पडायला हवा होता," त्या म्हणाल्या.

त्यांनी गाठ बोटानं हलकी दाबली. लाली ओसरली. बोट उचललं तशी परत भरून आली. पोर रडायला लागली, तर गाठ आणखी फुगून निळसर झाली. "रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जिवाला धोका नाही. वर्षभर वाढेल, मग हळूहळू विरेल. त्याला काही वर्षं लागतील. सळई लावलीत तर रक्त आवरणार नाही आणि डोळाही जाईल. पण खरी भीती निराळीच आहे. झाकलेला डोळा बघायला शिकत नाही. रोज तासभर हिचा चांगला डोळा बांध, म्हणजे या डोळ्याला बघावंच लागेल."

घरी परतून मी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, आणि गल्ली गोळा झाली. "आगं, धड डोळा बांधतीस? दोन्ही घालवतीस व्हय पोरीचं?" मी मुद्दाम सोप्यात, सगळ्यांसमोर बसायची. काजळ बंद. पोर पट्टी ओढून रडायची, आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं. डॉक्टरीणबाई चुकल्या असतील तर, हा किडा डोक्यात होताच.

अवसेच्या सकाळी तो माणूस आलाच. सासूबाईंनी सळई चुलीत सरकवली. पट्टीची वेळ होती, पोर मांडीवर. मी म्हणाले, "आधी मला डागा." म्हणाले खरी, पण त्यानं सळई माझ्याकडं वळवली असती तर मी पोरीसकट तासगावपर्यंत पळाले असते.

गाठ बघायला तो वाकला. त्याच्या फेट्याचा गुलाबी शेमला पोरीसमोर लोंबकळला. तिनं मान जरा वर केली, लोंबत्या पापणीखालून टक लावून बघितलं आणि हात पुढं करून शेमला मुठीत पकडला. सोडेचना. फेटा सुटायला लागला. "आवं, सोडवा की हिला!" तो माणूस ओरडला.

सासूबाई बघतच राहिल्या. चांगला डोळा तर बांधलेला.

"दिसतंय की गं हिला," त्या म्हणाल्या. मग त्या माणसाकडं वळून, "तुमी च्या घ्या आन् जावा." त्यांनी स्वतः सळई बाहेर काढली. जाता जाता माझ्यावर तोफ डागलीच, "आन् पट्टी लय सैल बांधतीस. उद्यापासनं मी बांधणार."

"न्हाई," मी म्हणाले. "पट्टी मीच बांधणार. तुमी म्होरं बसून खुळखुळा हलवा."

आणि त्या बसल्या. रोज, तासभर.