आज फक्त भाज्या

कामशेतच्या मैदानावर गोलमागची जागा म्हणजे आमच्या शिव्यांचं माहेरघर. परवाच्या रविवारी नेमकी तिथेच एका मावशींनी चटई अंथरली. सोबत सून आणि चिमुरडी नात. नातीचा बाप गोलकीपर होता आणि त्याला खेळताना ती पहिल्यांदाच बघणार होती.

मावशी पदर खोचून आमच्या घोळक्यासमोर उभ्या राहिल्या. "पोरांनो, सून म्हनली, एक शिवी जरी कानावर आली तर पोरीला घेऊन ती घरी जानार. तवा आज भाज्यांची नावं घ्यायची."

"भाज्यांची?" मी विचारलं. पन्नाशीच्या मला पोरांत धरल्यामुळे मी आधीच खूश होतो.

"व्हय. वरडा की लय, पन भाजीच!"

मग काय! रेफरी पडवळ झाला. समोरच्या स्ट्रायकरला कुणी 'ए कोबी' म्हणालं, तर तो चेंडू सोडून आमच्याकडेच बघत राहिला. नात टाळ्या पिटत होती. सूनबाई ओढणीआड हसत होत्या.

आणि शेवटी शेवटी मावशींच्याच लेकाच्या हातून साधा चेंडू निसटला. गोल! मावशी ताडकन उठल्या, हात वर गेला, तोंड उघडलं. सूनबाईंनी चटई गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात नात बापाकडे बघून किंचाळली, "पप्पा, कारल्या!"

मावशींनी उघडलेलं तोंड मिटलं आणि हसत हसत त्या मटकन खाली बसल्या. सूनबाईंनी चटई पुन्हा सरळ केली आणि मला विचारलं, "भाऊ, पुढच्या रविवारी मॅच कुटं हाय?"