कापडाखालचा निकाल

जेवून उठलेली पोरं काही ना काही विसरून जातात. माझ्या मेसच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात पेनं, किल्ल्या, आयकार्डं, चष्म्याची एक काडी, असं काय काय साठलंय. किस्सेही तसेच साठतात. कोणी मुद्दाम ठेवून जात नाही, आणि न्यायलाही कोणी परत येत नाही!

आमचं घर केडगावात, पुणे रोडपासून थोडं आत. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक संशोधन केंद्र आहे. तिथे अर्थशास्त्रात पीएचडी करणारी पोरं माझ्याकडे जेवतात. माझं शिक्षण दहावी पास. त्यामुळे ही मुलं दिवसभर काय करतात याचं मला भारी कुतूहल. वाढता वाढता मी विचारत राहते. यंदा पहिल्या वर्षाला तिघं होती. अनिकेत पुण्याचा, तेजस्विनी संगमनेरची, आणि मनीषा तिसगावजवळच्या एका वस्तीवरची.

पहिलं वर्ष म्हणजे म्हणे नुसता अभ्यास आणि पेपर. त्याला कोर्सवर्क म्हणतात. ते पार पडलं तरच खरं संशोधन सुरू. एकाच पेपरात दोनदा नापास झालं, की नाव रद्द!

*

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’नं सुरू होतं.

तेजस्विनी म्हणाली, “काकू, समजा जगात दोनच वस्तू आहेत.”

मी म्हटलं, “कोणत्या?”

“कोणत्याही. एक्स आणि वाय.”

“तसं नको बाई. नीट सांग.”

“बरं, समजा भाकरी आणि पिठलं.”

“आणि पाणी?”

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. अनिकेत म्हणाला, “काकू, पाणी धरलं तर गणित फार अवघड होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात खरंच विचारलं. त्यांच्या गाईडना ही पोरं ‘मोठे सर’ म्हणतात. मोठे सर अतिशय सभ्य माणूस. ते म्हणाले, “तुमच्या काकूंचं बरोबर आहे. पण पाणी आपल्याला दुसऱ्या वर्षी आहे.”

*

मग अनिकेतनं प्रयोग काढला. पुस्तकात लिहिलंय म्हणे, की पहिल्या भाकरीनं जेवढं समाधान होतं, तेवढं दुसरीनं होत नाही, आणि तिसरीनं त्याहून कमी. तो ताटाशेजारी वही घेऊन बसला. “प्रत्येक भाकरीला दहापैकी मार्क द्यायचे. खरे खरे!”

त्यानं स्वतः दिले नऊ, सात, चार. तेजस्विनीनं आठ, पाच, आणि मग ती उठलीच. मनीषा तीन भाकऱ्या खाणारी. तिनं दिले दहा, दहा, दहा.

अनिकेत वैतागला. “असं होऊच शकत नाही!”

“झालंय ना पण.”

“तिसरी भाकरी पहिलीइतकीच आवडली तुला?”

“न्हाई आवडली,” मनीषा म्हणाली. “पण मार्क कमी दिले अन् काकूंनी वाढायचं बंद केलं तर?”

हे मोठ्या सरांच्या कानावर गेलं. ते म्हणे खुर्चीत मागे रेलून कितीतरी वेळ हसले, आणि म्हणाले, “फायद्यासाठी माणूस खरं कसं लपवतो, हे जे मी सहा तासांत शिकवणार होतो, ते हिला आधीच येतंय.”

*

पण गणिताच्या पेपरात मनीषा नापास झाली.

दिवाळीच्या आधी यादी लागली. अनिकेत पहिला, तेजस्विनी काठावर, आणि मनीषाच्या नावापुढे लाल शाईनं गोल. बीए, एमए तिनं मराठीतून केलेलं. गणिताशी शेवटची गाठ दहावीत. कॉलेजवरची हंगामी नोकरी सोडून ती इथे आली होती. आता वर्षाच्या शेवटी एकच संधी उरलेली.

त्या दिवशी तिनं एकच भाकरी खाल्ली आणि पाणी प्यायली. मी म्हटलं, “दहापैकी किती?” ती ताट घेऊन उठली.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मनीषा उचलत नव्हती म्हणून माझ्या फोनवर.

“ताई, लेक जेवली का?”

“जेवली हो.”

“खोटं नका बोलू. मला ठावं हाय. तिला म्हणावं, जमलं न्हाई तर घरी ये. घर काय पळून चाललं न्हाई. पर आधी नेटानं परीक्षा दे, पळून येऊ नगं.”

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. मनीषा म्हणाली, “आई बोलली ना, मग झालं.” दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी वही घेऊन माझ्या ओट्याशी येऊन बसायला लागली.

*

तिची पद्धत अशी, की मी ज्वारी निवडायची आणि तिनं मला गणित समजावून सांगायचं. माझ्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला, की तिला कळायचं आपण कुठे अडकलोय. माझा चेहरा या कामाला अगदी योग्य निघाला!

त्यात एक लॅम्डा नावाचं अक्षर होतं. ते काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. ती पुस्तकातलं वाचून दाखवायची, “ज्या गोष्टीपायी आपलं अडतंय, ती एकानं वाढली तर फायदा कितीनं वाढेल, ते लॅम्डा सांगतो.”

मी म्हटलं, “म्हणजे माझं अडतंय ते शेगडीपायी. एकाच तव्यावर सगळ्यांच्या भाकऱ्या. अजून एक शेगडी असती, तर किती जण जास्त जेवले असते, तसं का?”

मनीषानं पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि दोन पानं भरभर लिहिली.

आमचे हे दारात पेपर वाचत होते. एसटीतून रिटायर झालेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि पेपराचं पान उलटलं. चार दिवसांनी नवी शेगडी घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून म्हणाले, “घे. तुझा लॅम्डा आणला!”

मनीषा ओट्याशी चहा पीत होती. ती म्हणाली, “काका, शेगडी आल्यावर लॅम्डा कमी होतो. आता तितकं अडत नाही ना.”

ह्यांनी शेगडी उलटी करून पाहिली. “कमी होतो? दुकानदार तर दोन वर्षांची गॅरंटी देऊन बसलाय!”

तेव्हापासून आमच्या घरात त्या शेगडीचं नाव लॅम्डाच.

*

शुक्रवारी त्यांच्याकडे सेमिनार असतो. बाहेरून कोणी पाहुणा येतो आणि आपलं संशोधन पडद्यावर दाखवतो. तेजस्विनी म्हणाली, “काकू, कालच्या पाहुण्याला पहिल्या पानावरच धरलं. तासभर प्रश्न! दुसरं पान कोणी बघितलंच नाही.”

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, “आधी चहा तरी दिला का त्याला?”

“चहा शेवटी असतो.”

“म्हणजे सगळे उपाशी पोटी भांडतात!”

पुढच्या शुक्रवारी मी मोठा थर्मास भरून दिला आणि बजावलं, सुरू व्हायच्या आधीच वाटायचा. रात्री जेवताना मी विचारलं, “आज कुठपर्यंत पोचले?”

अनिकेत म्हणाला, “सातव्या पानापर्यंत! पाहुण्यांनी शेवटी आभार मानले, त्यात तुमचं नाव होतं.”

*

आता म्हशीचा किस्सा.

मोठे सर बाजार हा विषय गेली कित्येक वर्षं शिकवतात. कोणाला काय माहीत असतं, कोण काय लपवतं, त्यानं भाव कसा ठरतो, असलं सगळं. मनीषाच्या बोलण्यात एकदा आलं, की तिचे मामा गुरांच्या व्यापारात आहेत, आणि बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. सर एकदम उठून बसले. तिसगावकडच्या पुढच्याच बाजाराला जीप ठरली. माझं माहेर त्याच अंगाला, म्हणून जेवणाचे डबे घेऊन मीही गेले.

मामा अंगानं आडवे, डोक्याला टॉवेल. त्यांनी सरांना समजावलं, “सायब, घेनाऱ्याचा हात अन् इकनाऱ्याचा हात टावेलाखाली. जेवढी बोटं धरली तेवढा भाव. पटला न्हाई की बोटं सोडायची. अन् सगळा पंजा दाबला की ठरलं. मागं फिरायचं न्हाई. भवतीनं शंभर मानसं असू द्या, दोगांबिगर कुनाला कळत न्हाई.”

सरांचे डोळे चमकायला लागले. ते म्हणाले, “मी एकदा करून बघू का? नुसतं बघण्यापुरतं?”

शेजारी एक म्हातारबाबा म्हैस घेऊन उभे होते. मामांनी त्यांना खूण केली आणि टॉवेल पसरला. सरांनी हात आत घातला. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय. टॉवेल इकडे हलला, तिकडे हलला. सर मान डोलवत होते, अगदी वर्गात कोणी बरोबर उत्तर दिल्यासारखी. मग टॉवेल थांबला.

म्हातारबाबांनी हात बाहेर काढला आणि म्हशीचं दावं सरांच्या हातात दिलं!

“हे काय?” सर म्हणाले.

“म्हस,” बाबा म्हणाले. “आता तुमची. गरीब हाय, लाथ मारत न्हाई.”

“अहो, पण मी काहीच ठरवलं नाही!”

“पंजा दाबला की तुमी.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. “मी फक्त शेकहँड केला! एवढं छान समजावून दिलं म्हणून आभार मानले!”

मनीषा तोंडावर ओढणी धरून म्हणाली, “सर, आभार कापडाबाहेर मानायचे असतात.”

म्हशीनं तोवर सरांच्या खांद्यावरची शबनम पिशवी हुंगायला सुरुवात केली होती. शेवटी मामा मध्ये पडले. त्यांनी पुन्हा टॉवेल पसरला, बाबांचा हात आत घेतला, बराच वेळ काहीतरी चाललं, आणि दावं बाबांकडे परत गेलं. काय देऊन सोडवलं, कोणास ठाऊक!

परतीच्या वाटेवर मामा फाट्यापर्यंत जीपमध्ये होते. सर सारखे विचारत होते, “पण नेमकं ठरलं काय? मला अभ्यासासाठी हवंय हो.”

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सायब, कापडाखालचं कापडाखालीच.”

*

वर्ष संपत आलं. मनीषानं गणिताचा पेपर दुसऱ्यांदा दिला. परत आली तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तीच म्हणाली, “काकू, सगळं लिहिलंय. बरोबर लिहिलंय का, ते माहीत न्हाई.”

पेपर बाहेरचे लोक तपासतात. निकालाला पंधरा दिवस लागतात. ते पंधरा दिवस ती रोज एका भाकरीवर होती. तिनं पुस्तकं खोक्यात भरून खोकं पलंगाखाली सरकवलं. अनिकेत म्हणाला, “आत्ताच कशाला?” ती म्हणाली, “न्यायचं झालं तर तयार असलेलं बरं.”

एका शनिवारी दुपारी जेवणं चालू असताना दारात मोठे सर उभे. ते कधी मेसला येत नाहीत. म्हणाले, “काकू, आज इकडेच जेवतो. चालेल ना?”

मी पान वाढलं. सर हात धुऊन मनीषाच्या समोर बसले. शेवटी अनिकेतच्यानं राहवेना. “सर, निकाल आलाय का?”

“आलाय. यादी सोमवारी लागेल.”

“पण तुम्हाला कळलं असेल ना?”

“कळलंय. पण यादी लागायच्या आधी बोलायचं नाही असा नियम आहे. मी तोंडातून शब्द काढणार नाही.”

सर नियमाला पक्के, हे सगळ्यांना माहीत. मनीषा अर्ध्या भाकरीकडे बघत बसली होती. तेजस्विनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तवा उतरवून ठेवला, उगाच.

सरांनी डाळीची वाटी बाजूला सरकवली. भाकरीच्या दुरडीवरचं फडकं उचललं, झटकलं आणि आपल्या उजव्या हातावर पसरलं. मग तो हात ताटावरून मनीषाच्या पुढे केला.

मनीषा पानावरून उठली. मग तिनं हात धुतला, ओढणीला पुसला आणि फडक्याखाली घातला.

फडकं थोडं हललं. मग थांबलं.

“सर! किती बोटं?” अनिकेत जवळजवळ ओरडलाच.

सरांनी हात काढून घेतला, फडक्याची घडी करून दुरडीवर ठेवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. “कापडाखालचं कापडाखालीच.”

मनीषा खाली बघत होती. तिनं ताटातली अर्धी भाकरी संपवली. दुरडीतली दुसरी घेतली, तीही संपवली. मग ताट माझ्यापुढे धरलं.

“काकू, तिसरी गरम मिळेल का?”

मी बाहेर ह्यांना हाक मारली, “अहो, आत या आधी. लॅम्डा पेटवा!”