दुसऱ्याच कुणाचे दशांश

डिंडोलीच्या आमच्या घरात दुपारी भिंतीतून शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खडखड झिरपत असते. तिने मला छान तंद्री लागते, आणि डोळ्यांपुढे दशांश तरंगायला लागतात. हसू नका, माझं कामच ते आहे. एकाच प्रोसेसरवर पाच-सहा आभासी संगणक पाळीपाळीने चालतात. दशांशांची गणितं प्रोसेसरच्या मोजक्या कप्प्यांत होतात. एकाची पाळी संपली की त्याच्या कप्प्यांतलं सगळं जपून ठेवायचं, पुन्हा पाळी आली की जसंच्या तसं मांडायचं. एवढंच. पण त्या एवढ्याशात माणूस वेडा होतो.

गेल्या महिन्यात चाचणीत एका संगणकाची उत्तरं मधूनच चुकायला लागली. खापर फुटलं एका सहकारी बाईंवर. बाळंतपणाच्या रजेवरून त्या नुकत्याच परतल्या होत्या आणि या कप्प्यांच्या प्रोग्रॅमच्या फाईलला शेवटचा हात त्यांचा लागला होता. साहेब त्यांना कामावरून काढायच्या गोष्टी करत होते. मी आपला गप्प. मला काय त्याचं?

मग एका दुपारी अर्धवट झोपेत मला ते कप्पे दिसले. आत संथ वाहणारे आकडे होते, पण दुसऱ्याच कुणाचे. ताडकन उठलो. हे सगळे ज्याच्यावर चालतात तो मूळ संगणक अलीकडे मध्येच एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे माहिती सांकेतिक करायला, तेच कप्पे वापरायला लागला होता, आणि त्याआधी आतलं जपून ठेवायचं राहिलं होतं. ते मीच गाळलं होतं, दोन वर्षांपूर्वी, वेळ वाचवायचा शहाणपणा करून! आता गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला बोलू, मोह झाला.

वडिलांनी लिंबायतला तीस वर्षं माग चालवले, त्यात कान गेले. त्यांना ओरडून, हातवारे करून सगळं सांगितलं. त्यांच्याकडे रीत होती: कापडात खोट पडली तर पाळी सोडताना तिथे आपणच खडूची खूण करायची, नाहीतर पुढच्या पाळीवाल्याला फुकट बोलणी बसतात. प्रोसेसर त्यांना कितपत कळला कोण जाणे, पण ते म्हणाले, "खोट तुन्ही शे ना? मंग खूण बी तूच कर."

मी सगळ्यांना लिहून टाकलं, चूक माझी. मग बाईंना फोन लावला. त्यांनाही तेच सांगितलं. मागे बाळ कुरकुरत होतं.

"मी सकाळीच साहेबांची माफी मागितली," त्या म्हणाल्या. "झोप होत नाही ना, मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी झालं असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.