बठ भाऊ, बोलू नको

कोणी दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगू लागला की मास्तर तळहाताने जमीन दोनदा थोपटत आणि म्हणत, "बठ भाऊ. बोलू नको."

ते धुळ्यात मिशनच्या शाळेत शिकवत आणि आमच्या गल्लीत राहत. धर्माने ख्रिस्ती, बोलीने पक्के खानदेशी. मी तेव्हा पत्रकं लिहून वाटत हिंडत असे. ती वाचून ते एवढंच म्हणत, "तुझी शाई फार रागावलेली आहे रे." वर चहा पाजत.

आपल्याकडे कोणी गेलं की लोक दारावर बसायला जातात. त्यांतले बसणारे किती आणि बोलणारे किती, हे तुम्हीही पाहिलं असेल. मास्तर मात्र नुसते बसत. घरचं माणूस बोलेपर्यंत त्यांचे ओठ हलत नसत.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतला एक सुतार त्यांचा जिवलग. प्लेगने त्याचे दोन्ही मुलगे नेले, बायको तापाने पडली. मुलांच्या कबरीची माती अजून ओली होती. मंडळीतले वडीलधारे दारावर आले आणि बसता बसताच एकजण म्हणाला, "मिशनचं सागवान परस्पर विकलंस ना? देव उगाच मारत नाही. रविवारी सर्वांसमोर कबूल कर, म्हणजे बायको तरी उठेल."

आमचे गल्लीवाले काही वेगळे नव्हते. ते ओट्यावर बसून त्याचं मागच्या जन्मीचं पाप काढत होते. देव निराळे, जीभ एकच.

सुताराने एक फळीसुद्धा चोरली नव्हती. पण तो मास्तरांना म्हणाला, "मी चोर नही शे, मास्तर. पन बायको वाचत व्हई ते सोताले चोर म्हनाले तयार शे."

रविवारी मीही त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, मागे जाऊन बसलो. सुतार उठू लागला. मास्तरांनी शेजारून त्याचा सदरा धरला, जमीन थोपटली. "बठ भाऊ. बोलू नको." आणि स्वतः उभे राहिले.

ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एक गोष्ट आहे, ती बायबलातही आली आहे. मुलं गमावलेला, अंगभर फोड आलेला एक निर्दोष माणूस राखेत बसतो आणि त्याचे मित्र त्याला म्हणतात, तुझंच पाप. ती सांगून मास्तर वडीलधाऱ्यांकडे वळले. "ही गोष्ट तुम्हीच आम्हाला वाचून दाखवता. ते मित्र आठवडाभर मुकाट बसले, तोवर मित्र होते. शेवटी देव रागावला तो कोणावर? राखेतल्या माणसावर नाही. ती शेवटची पानं तुम्ही का वाचत नाही?"

महिनाअखेर शाळेने मास्तरांना काढलं, तेच उत्तर.

सुताराची बायकोही गेली. तिला पोचवून परतताना त्याच वडीलधाऱ्याने सुताराला गाठलं. "पाहिलंस? कबूल केलं असतंस तर..." मी हात उगारला होता. मास्तरांनी तो धरला. का धरला, याचा राग मला अजून आहे.

पुढे ते जामनेरकडे एका खेड्यात मुलं शिकवत राहिले आणि तिथेच वारले. मी दारावर गेलो, तेव्हा सुतार उंबऱ्याशी बसला होता. इतक्यात धुळ्याचा तो वडीलधारा बैलगाडीतून उतरला. टेकता टेकता म्हणाला, "माणूस चांगला होता. पण वेळीच जरा नमतं घेतलं असतं, तर..."

सुताराने मान वर केली नाही. रंध्याने घट्टे पडलेला तळहात त्याने जमिनीवर दोनदा थोपटला.

संध्याकाळपर्यंत त्या दारावर कोणी एक शब्द बोललं नाही.