लाल नळाचा चटका

“तुझं मशीन आजच्या आज काढून ने,” खालिद फोनवर म्हणाला. “आईला चटका बसलाय.”

जुलैची दुपार. मी कुवेतच्या राई भागातल्या वर्कशॉपमधून तसाच निघालो आणि वाटेत कर्णिकांना उचललं. कर्णिक पुण्याचे, खालिदच्या भागातल्या समितीचे सल्लागार इंजिनिअर. घरांतला विजेचा वापर कमी व्हावा म्हणून समितीने योजना काढली होती. गच्चीला इन्सुलेशन करायचं, दारांच्या फटी बुजवायच्या आणि गीझर काढून हीट पंप बसवायचा. खालिदचं घर नमुन्याचं. तिथून होकार आला की अख्खी गल्ली मला, नकार आला की हीट पंप योजनेतून बाद.

हे एक घरसुद्धा मी भांडून मिळवलं होतं. आधीच्या खेपेला माझंच ड्रॉइंग वापरून काम एका शोरूमवाल्याला गेलं. माझ्याकडे डिग्री नाही, असा शेरा कर्णिकांनी मारला होता. मी संगमेश्वरहून इथे एसी मेकॅनिक म्हणून आलो. स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. तो शेरा मी विसरलेलो नाही.

हीट पंप म्हणजे काय, ते सांगतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तसाच, फक्त काढलेली उष्णता तो वाया घालवत नाही. आमचं मशीन गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यातली उष्णता काढतं आणि ती गरम पाण्याच्या टाकीला देतं. एक टाकी गार, दुसरी गरम. गीझर वीज जाळून उष्णता बनवतो. हा फक्त इकडची तिकडे नेतो, म्हणून वीज कमी लागते. पण इथे नागरिकांना वीज इतकी स्वस्त की बचतीचं नाव काढलं तर लोक जांभई देतात. म्हणून मी खालिदला बचत विकलीच नाही. जुलै महिन्यात नळाला गार पाणी, हे विकलं.

आणि त्याच नळाने चटका दिला होता.

गच्चीवर चढलो. “पाइप उलटे जोडलेत तुम्ही, सावंत,” कर्णिक चढताच म्हणाले.

“बघून बोला, साहेब.”

“बघायचं काय त्यात? गाराच्या जागी गरम येतंय.”

“मग त्या शोरूमवाल्याला बोलवा. त्याला सरळ जोडता येतात.”

पाइप हातांनी चाचपत गेलो. सगळे बरोबर. दोन्ही टाक्यांचं तापमान बरोबर. कर्णिक घामाने निथळत होते, माझा आवाज चढला होता.

“खाली या दोघे,” खालिदच्या आई जिन्यातून ओरडल्या. त्यांना सगळे उम्म खालिद म्हणतात. इकडे आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बाईंना हिंदी चांगलं येतं. “भांडण नंतर करा. आधी हात धुऊन चहा घ्या.”

मी बेसिनपाशी गेलो, नळ उघडला आणि हात झटकन मागे घेतला. पाणी चांगलंच कढत होतं. पाहिलं तर मी लाल, म्हणजे गरम पाण्याचा नळ उघडला होता. त्या क्षणी सगळं डोक्यात लख्ख झालं.

“साहेब, तुम्हीही धुऊन घ्या.”

कर्णिकांचा हात सरळ लाल नळावर गेला. “आई गं!”

“निळा का नाही उघडलात?”

“उन्हाळ्यात निळा कोण उघडतो?” ते म्हणाले, आणि निळ्या नळाकडे बघितलं. मग हसायला लागले. मीही.

कुवेतमध्ये उन्हाळ्यात टाकीतलं पाणी इतकं तापतं की निळ्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून आम्ही सगळे गीझर बंद करतो. गीझर घरात, एसीच्या गारव्यात, त्यातलं पाणी हळूहळू निवतं. मग थंडी येईपर्यंत जरा गार पाणी हवं असलं की लाल नळ. फहाहीलला माझ्या घरीही हेच चालतं. आमच्या मशीनने नळ सरळ केले होते. हात उलटेच राहिले होते.

मी निळा नळ सोडला. “उम्म खालिद, इथे हात धरा.”

बाईंनी बोटाचं टोक पुढे केलं. मग पंजा. मग कोपरापर्यंत हात.

“दुपारच्या नमाजाआधी हातपाय धुवायला मी फ्रिजमधल्या बाटल्या ओतते रे, सदीक,” त्या म्हणाल्या. सदीक म्हणजे मित्र. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. ओढणी भिजली तरी थांबेनात. तेवढ्यात खालिदचा फोन आला. “मशीन कुठेही जाणार नाही,” त्यांनी त्याला सांगितलं. “तू कामाला लाग.”

मला वाटलं, जिंकलो. पण बाई माझ्या वरताण निघाल्या.

“चटका बसला त्याचं काय? सर्व्हिस फुकट कर.”

“एक वर्ष.”

“तीन.”

“दोन. आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना चहाला बोलवायचं. हात तुमच्या बेसिनवर धुवायचे.”

“दोन,” त्या म्हणाल्या. “पण बिस्किटं तू आणायचीस.”

बिस्किटं मी आणली. बायका आल्या, एकेक करून लाल नळावर किंचाळल्या आणि निळ्यावर रेंगाळल्या. गल्ली मला मिळाली. समितीच्या अहवालात कर्णिकांनी माझं नाव लिहिलं, डिग्रीचा शेरा न मारता.

आता मशीन बसवलं की मी आधी लाल नळावर जाड चिकटपट्टी गुंडाळतो आणि मगच बिल देतो. मशीन एका दिवसात बसतं, हाताला पूर्ण उन्हाळा लागतो. पुढच्या कोटेशनमध्ये मी ‘सवय मोडणे’ असा वेगळा चार्ज लावून पाहिला. कर्णिकांनी तो खोडला.